दातांत धरलेलं घड्याळ

दातांत घड्याळ धरून, डोळे मिटून बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला.

कल्याणला तलावाजवळ त्यांचं बैठं घर होतं. त्याच्या मागच्या बाजूची एक खोली आणि पडवी मी आणि माझ्या आईने भाड्याने घेतली होती. मी तेव्हा गावातल्याच एका प्रसूतिगृहात नर्स होते. घरमालक शाळेत ड्रॉइंग मास्तर. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, आम्हीही तेच म्हणू लागलो. उंच, किडकिडीत, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, आणि चष्म्याच्या वर ढकललेल्या भिवया. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "कामाचा काही दाखला?" मी नर्सिंगचं सर्टिफिकेट पुढे केलं. त्यांनी ते उलटं धरलं. मला वाटलं, चुकून. तर नाही. पाच मिनिटं उलटंच बघत होते. मग म्हणाले, "सही एका झटक्यात केलेली आहे. गिरवलेली नाही. खोली घ्या." आमचं कूळ, गोत्र, पगार, काहीही विचारलं नाही. आतून त्यांच्या बायको, आमच्या काकू, म्हणाल्या, "अहो, पण त्यांचं नाव तरी विचारा."

उलटं धरणं ही त्यांची मोठी विद्या होती. चित्र सरळ धरलं की आपण घोडा बघतो, उलटं धरलं की रेष बघतो, असं ते वर्गात मुलांना सांगायचे. आणि मग हीच विद्या त्यांनी जगातल्या प्रत्येक वस्तूला लावली. लग्नासाठी आलेला मुलीचा फोटो उलटा धरून, "हनुवटीला फोटोग्राफरने हात लावलाय" म्हणायचे. आंबेवाल्याची पाटी उपडी करून खालचे आंबे आधी बघायचे. त्यांना खोट्याची चीड होती असंही म्हणता येणार नाही. खऱ्याची हाव होती. एखादी वस्तू जशी घडली तशीच्या तशी राहिलेली सापडली की त्यांचा चेहरा असा काही खुलायचा की काकू म्हणायच्या, "माझ्याकडे कधी असं बघितलं नाही."

पण त्यांचं नाव झालं ते घड्याळांमुळे. लढाई संपली होती, फाळणी होऊन गेली होती, आणि जुनी स्विस घड्याळं कुठून कुठून बाजारात येत होती. काही लष्कराच्या मोडीत निघालेल्या मालातली, काही मुंबईतल्या साहेबांनी जाताना विकलेली, बरीचशी कल्याणजवळच्या निर्वासितांच्या कॅम्पातली. नवं घड्याळ घेण्याची ऐपत आमच्यासारख्या नोकरदारांची नव्हतीच. जुनं घ्यायचं, तर ते आतून-बाहेरून मूळचं आहे की कुणी तुकडे जोडून उभं केलंय, हे कळायचं कसं? म्हणून लोक मास्तरांकडे यायचे. रविवारी सकाळी ठाण्याहून, डोंबिवलीहून, ठाकुर्लीच्या रेल्वे क्वार्टरांतून माणसं घड्याळ आणि घड्याळ विकणारा अशा दोघांनाही घेऊन यायची. मास्तर घ्यायचे काही नाहीत. उलट चहा काकूंचा जायचा.

सगळ्यांनी आधी हात धुवायचे. खिडकीशी पाटावर पांढरं फडकं अंथरायचं. मग मास्तर एका जुन्या पोस्टकार्डाला पाडलेलं वाटाण्याएवढं भोक घड्याळाच्या काचेवर धरायचे आणि त्यातून डायलवरचं एकेक अक्षर, एकेक आकडा बघायचे. मी एकदा विचारलं, सगळी डायल एकदम का बघत नाही? म्हणाले, "कंपनीचं नाव वाचलं की डोळे नावावर विश्वास ठेवतात, नर्सबाई. मला नाव वाचायचंच नाही." छापलेलं अक्षर सगळीकडे सारखं पातळ असतं, कुंचल्याने पुन्हा काढलेलं कुठेतरी थरथरतं. ती थरथर त्यांना दिसायची. मग घड्याळ उलटं. मग मागचं झाकण उघडून स्क्रूंच्या खाचा, कुणी किती वेळा पिळल्यात ते. मग वास. आणि शेवटी दात.

डाव्या कानाने त्यांना जवळजवळ ऐकू येत नव्हतं आणि उजव्यात रस्त्यावरचा गलका शिरायचा. घड्याळ दातांत धरलं की टिकटिक थेट डोक्यात वाजते, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं, मी करून पाहिलं. पण दहा जणांच्या मनगटांवरचा घाम खाऊन आलेली ती वस्तू तोंडात घालणं माझ्यातल्या नर्सला बघवेना. दुसऱ्याच रविवारी मी स्पिरिटचा बोळा घेऊन पुढे झाले. मास्तरांनी मुकाट्याने घड्याळ माझ्याकडे दिलं, मी पुसलं, त्यांनी दातांत धरलं. तेव्हापासून रविवारची माझी ही ड्युटीच लागली.

सगळं झालं की निकाल. घड्याळ मूळचं असेल तर म्हणायचे, "एका घरचं आहे, घ्या." नसेल तर, "केस एकाची, मशीन दुसऱ्याचं, काटे तिसऱ्याचे. तीन घरची माणसं एका छपराखाली कोंबलीत. आज नांदतील, उद्या भांडतील." समोर विकणारा बसलेला असायचा, पण मास्तरांना त्याचं सोयरसुतक नाही. एकदा डोंबिवलीचे एक गृहस्थ मुलाला सासरहून मिळायचं घड्याळ तपासायला घेऊन आले. बरोबर मुलीचे वडील. मास्तरांनी आपला तीन घरांचा निकाल देऊन टाकला. दोन्ही व्याही तांबडेलाल. काकू पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "घड्याळ मोडलं तरी चालेल, लग्न मोडू नका." ते लग्न काकूंच्या पोह्यांमुळेच झालं, असं माझं अजून मत आहे.

स्टेशन रस्त्यावरचा घड्याळजी तर मास्तर समोरून येताना दिसले की पलीकडच्या बाजूला जायचा. त्याच्याकडून दुरुस्त होऊन आलेल्या चार घड्याळांवर मास्तरांनी चारचौघांत "हात मारलेला आहे" असा शेरा दिला होता. खरा की खोटा, देव जाणे. मास्तरांना विचाराल तर खरा.

आता माझं सांगते. आमच्या प्रसूतिगृहात भिंतीवर एक मोठं घड्याळ होतं, लहरी. कधी दहा मिनिटं पुढे, कधी वीस मागे, कधी मधेच थांबून पुन्हा आपोआप चालू. इतर कुठे चाललं असतं. पण बाळ जन्मलं की बाहेर उभ्या असलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न मुलगा की मुलगी, आणि दुसरा, वेळ काय? कारण पत्रिका करायची. एका घरच्या ज्योतिष्यांनी मला भर ओसरीत उभं करून सुनावलं होतं, "बाई, तुमच्या पंधरा मिनिटांनी आमच्या नातवाचं लग्न बदललं." लग्न म्हणजे पत्रिकेतलं. ते बारसं होईपर्यंत रोज येऊन भांडले. माझा पत्रिकेवर विश्वास होता नव्हता ते सोडा, पण मी लिहिलेली वेळ चुकीची असू शकते, हे मला लागायचं. शिवाय नाडी मोजायची ती अंदाजाने. मला सेकंदकाट्याचं, भरवशाचं मनगटी घड्याळ हवंच होतं.

ते मिळेल असं वाटलं ते कॅम्पातल्या एका सिंधी गृहस्थांमुळे. सुनेचं नाव घालायला ते प्रसूतिगृहात आले होते, तिचे दिवस भरत आले होते. मी भिंतीवरच्या घड्याळाशी झटापट करताना त्यांनी पाहिलं आणि मनगट पुढे केलं. स्टीलचं स्विस घड्याळ, मधोमध लांब सेकंदकाटा. सिंधमध्ये ते रेल्वेत गार्ड होते, बारा वर्षं याच घड्याळावर गाडी सोडली, असं सांगितलं. आता विकायचं होतं. सुनेला शिवण येतं, मशीन घेऊन दिलं तर घर उभं राहील, असं ते म्हणाले. मी त्यांना रविवारी मास्तरांकडे या म्हटलं.

ते आले. स्वच्छ धुतलेला सदरा, हातात टोपी. बसताना म्हणाले, "मास्टरजी, बड़े भाई की दी हुई है. आज तक किसी घड़ीसाज़ का हाथ नहीं लगा. सब छूट गया, यह एक चीज़ पूरी बची."

मास्तरांनी पोस्टकार्ड धरलं. आकडे बघितले, काटे बघितले. घड्याळ उलटं केलं. झाकण उघडलं आणि नाक जवळ नेलं. एकदा नेलं, पुन्हा नेलं. दातांत धरायला घेतलंच नाही. घड्याळ फडक्यावर ठेवलं.

"आकड्यांतलं रेडियम चहाच्या रंगाचं झालंय, काट्यांतलं हिरवं, ताजं. काटे या घड्याळाचे नाहीत. स्क्रूंच्या खाचा फाटल्यात, म्हणजे उघडलंय, तेही नवशिक्याने. आणि आत आंबट वास आहे. लिंबू लावून डायल धुतलीय, गिऱ्हाइकाला चकचकीत दिसावी म्हणून." मग त्यांनी चष्म्यावरून त्या गृहस्थांकडे पाहिलं. "घड्याळाचं सोडा. पण तुम्ही खोटं बोलताय."

त्यांना मराठी सगळं कळत नव्हतं, पण हे कळलं. खोलीत आणखी चारजण होते. ते गृहस्थ उठले. घड्याळ उचललं, मनगटाला बांधलं, सदऱ्याच्या बाहीचं बटण लावलं, मास्तरांना नमस्कार केला आणि गेले. मी माझा स्पिरिटचा बोळा हातात घेऊन तशीच उभी. मला मास्तरांचा इतका राग आला होता की त्या दिवशी मी त्यांच्याकडचा चहा घेतला नाही.

पंधरा दिवसांनी त्या सिंधी गृहस्थांची सून बाळंत झाली. भर दुपारची वेळ, बाळाने पहिला ट्यँहा केला आणि मी सवयीने भिंतीकडे पाहिलं तर घड्याळ बंद. धावत ओसरीत आले. गृहस्थ उभेच होते. मला बघताच त्यांनी मनगट पुढे केलं. "तीन बजकर अठारह," ते म्हणाले. मी तीच वेळ लिहिली. नातू झाला, हे सांगायचं मला नंतर सुचलं.

दुसऱ्या दिवशी बाळाला पुसत असताना त्या सुनेने माझा हात धरला. विशीतली पोर. म्हणाली, "सिस्टर, बाबूजी झूठ नहीं बोले थे. घड़ी मैंने खुलवाई थी."

मग तिने सगळं सांगितलं. घर सोडताना सासऱ्यांनी घड्याळ तिच्याकडे लपवायला दिलं होतं, गोधडीत शिव म्हणून. आयत्या वेळी गोधडी मागे टाकावी लागली. वाटेत झडती होणार असं कळलं, तेव्हा तिने घड्याळ फडक्यात गुंडाळून आंब्याच्या लोणच्याच्या बरणीत खाली दाबलं. लोणच्यात कोण हात घालणार? कुणी घातला नाही. पण कराचीहून मुंबईपर्यंत बोटीवर लोणच्याचा खार आत गेला. डायल वाचली, काटे गंजले. सासऱ्यांचा चष्मा वाटेत हरवला होता, नवा मिळायला बरेच महिने गेले. त्या काळात एकदा ते रेशनच्या रांगेत असताना तिने कॅम्पात झाडाखाली बसणाऱ्या एका शिकाऊ मुलाकडून घड्याळ साफ करून घेतलं, तसेच दिसणारे दुसरे काटे बसवून घेतले. "उन्हें मत बताना," ती म्हणाली. "सबको कहते फिरते हैं, एक चीज़ पूरी बची."

मी घरी आले ती थेट मास्तरांच्या पुढ्यात. ते शाळेच्या पेन्सिलींना टोकं करत होते. मी सगळं सांगितलं, जरा आवाज चढवूनच. त्यांचा चाकू थांबला.

"लोणचं," ते म्हणाले.

"हो, लोणचं."

"मी लिंबू म्हटलं."

काकू भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "तीस वर्षं माझ्या हातचं लोणचं खाताय, आणि वास ओळखला नाहीत."

मास्तरांनी पुन्हा पेन्सिल तासायला घेतली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण काटे बदललेलेच होते. घड्याळाबद्दल मी बरोबर होतो."

"घड्याळाबद्दल कोण विचारतंय," काकू म्हणाल्या. "त्या भल्या माणसाला चारचौघांत खोटा ठरवलात, त्याचं बोला."

बाळ बारा दिवसांचं झालं तेव्हा मास्तर कोट-टोपी घालून माझ्या दारात उभे राहिले. "कॅम्पात जायचंय. घर तुम्हाला माहीत असेल." टांग्यात ते सगळा रस्ता माफीची वाक्यं हिंदीत जुळवत होते. ड्रॉइंग मास्तरांचं हिंदी, त्यात क्रियापद सापडेना.

बराकीत मधे गोणपाटं लावून कुटुंबं राहत होती. गृहस्थांनी आम्हाला खाटेवर बसवलं. त्यांच्या रीतीप्रमाणे पापड आणि पाणी पुढे केलं. जणू आम्ही त्यांचे जुने स्नेही आहोत. मास्तर पापड हातात धरून म्हणाले, "मैंने आपको झूठा बोला. मेरी गलती. आप झूठे नहीं." इतकंच जमलं. मला वाटलं, झालं, सुटलो.

पण त्या गृहस्थांनी मनगटावरचं घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं. "तो फिर देख लीजिए, मास्टरजी. मैं झूठा नहीं, तो घड़ी?"

गोणपाटाच्या कडेला ती सून बाळाला घेऊन उभी होती. तिचे डोळे मास्तरांच्या तोंडावर खिळलेले. मास्तरांनी घड्याळ घेतलं. दारातल्या उजेडाकडे गेले. पोस्टकार्ड काढलं, घड्याळ उलटं केलं, सगळं रीतसर केलं. मी सोबत आणलेला बोळा पुढे केला, मी पुसलं, त्यांनी दातांत धरलं आणि डोळे मिटले. त्या माणसाने आजवर सख्ख्या मेव्हण्याचं घड्याळसुद्धा खोटं असेल तर खोटंच सांगितलं होतं. तो आता काय बोलणार?

त्यांनी घड्याळ तोंडातून काढलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि म्हणाले, "असली है. पूरी. काँटे भी."

गृहस्थ हसले नाहीत, काही नाही. फक्त जरा ताठ बसले. मग घड्याळ माझ्या हातात ठेवून म्हणाले, "अब ले जाओ, बेटी. नातू की वेला इसी में देखी थी." सून आत निघून गेली. ती रडत होती, हे मला पाठीवरून कळलं.

परतीच्या टांग्यात मास्तर एकच वाक्य बोलले. "पहिल्यांदाच खोटा निकाल दिला." पुढचे दोन रविवार ताप आलाय म्हणून त्यांनी लोकांना दारातूनच परत पाठवलं. ताप नव्हता, मी बघितला होता. तिसऱ्या रविवारी बसले. घड्याळ विकणाऱ्याला आधी चहा दिला आणि विचारलं, "सांगा, कुठून कुठून आलं हे?" त्याचं सगळं ऐकून घेतल्यावरच पोस्टकार्डाला हात घातला. काकूंनी आतून माझ्याकडे बघून भिवया उडवल्या.

माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे मात्र ते बघायचे नाहीत. मी वेळ सांगितली की मान दुसरीकडे.

महिन्याभराने मी बाळाचं वजन बघायला कॅम्पात गेले. घड्याळाच्या पैशांतून शिवणाचं मशीन आलेलं होतं, त्यावर अर्धं झबलं. निघताना सुनेने माझ्या हातात कागदाची एक पुडी दिली. "फेंके नहीं थे," ती म्हणाली. पुडीत गंजलेले तीन काटे होते. काय करावं ते तिलाही माहीत नव्हतं, मलाही नाही. घरी येऊन मी ती मास्तरांपुढे ठेवली. त्यांनी उघडली, बघितली, आणि मला वाटतं आमच्या ओळखीत पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की ते खिडकीशी. काटे रॉकेलमध्ये भिजत घातले. चारच केस शिल्लक ठेवलेल्या कुंचल्याने रोज थोडा थोडा गंज सोडवत गेले. खडूची पूड लावून कापसाने पुसायचे, श्वाससुद्धा बाजूला सोडायचे. तासकाट्यातलं रेडियम गळून गेलं होतं. मी म्हटलं, भरून टाका रंगाने, कुणाला कळतंय. "मला कळेल," ते म्हणाले. ती जागा त्यांनी रिकामीच ठेवली. असे दोन महिने गेले. शेवटी काटे बसवायची वेळ आली आणि त्यांच्या लक्षात आलं की हे काम त्यांच्या हातचं नाही. ते एकाच माणसाच्या हातचं होतं.

स्टेशन रस्त्यावर घड्याळजीच्या दुकानासमोर मास्तर टोपी हातात घेऊन उभे राहिले. मी मागे. घड्याळजीने बराच वेळ भिंगातून डोकं वर काढलं नाही. मग पायाने स्टूल पुढे सरकवलं. "बसा, मास्तर." दहा मिनिटांत त्याने नवे काटे उतरवले, जुने चढवले. घड्याळ परत देताना म्हणाला, "पुन्हा निकाल देताना माझं नाव घेऊ नका."

"घेईन," मास्तर म्हणाले. "पण आधी तुम्हाला येऊन विचारीन."

घड्याळजी हसला. मास्तरांनी घड्याळ उन्हात धरलं. मिनिटकाट्याच्या टोकाला गंजाचा एक काळा ठिपका राहिला होता. तो मी पुढे तीसेक वर्षं, हजारो बाळांच्या वेळा लिहिताना बघितला. सेकंदकाटा नीट, सारखा फिरत होता. मास्तरांनी ते पोस्टकार्डातून पाहिलं नाही, उलटं केलं नाही. पट्टा सरळ करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "नर्सबाई, कॅम्पात त्या गृहस्थांना मी काटेसुद्धा असली म्हणून सांगितलं होतं ना? आता मी खोटं बोललेलो नाही."